जिवल्याचं असभ्य वर्तन

हॅलो?… हो, बोईसर. लॉजवरून शांताराम बोलतोय… कोण, खंडेरावसाहेब? बरं झालं. सकाळपासून तुमचा पालघरचा नंबर फिरवतोय, लागेल तर शपथ…

नाही, जिवल्या निघाला नाही… अहो, निघणार कसा? त्याला चौकीवर नेलंय… चौकीवर… पोलीस चौकीवर हो.

छे, प्यायलेला नव्हता. ऐका तर. काल मनोरहून आला, भागी आणि दोन पोरं बरोबर. तुम्हीच इथं उतरवायला सांगितलं होतंत ना? सकाळी बाहेर ओट्यावर बसला होता, भागी त्याच्या डोक्याला तेल लावत होती… एवढंच. एवढंच म्हणतोय ना मी. तेवढ्यात जमादार आला. म्हणे, हे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन आहे.

विचारलं की मी. असभ्य म्हणजे नेमकं काय हो? तर म्हणाला, ते कायद्यात लिहिलेलं नसतं, आम्ही बघून ठरवतो…

ओळखलं तर! तुमच्या समितीचंच पोस्टर समोरच्या भिंतीवर लागलंय, आज संध्याकाळच्या कार्यक्रमाचं, जिवल्याच्या फोटोसकट. 'तूच ना रे तो, दिल्लीला तारपा वाजवून आलेला? लई मोठा झालास काय?' असं म्हणतच दंडाला धरलं. मग विचारलं, ही तुझी बायको का? जिवल्या आपला सरळ माणूस. म्हणाला, 'हां, बायकोच हाय. लगीन नाय लागलं अजून.' झालं. तिथंच अडकला.

अहो, वारल्यांत तशी रीतच आहे. आधी घर मांडतात, पोरंबाळं होतात, मग जमेल तेव्हा धवलेरी येऊन लग्न लावते… धवलेरी. लग्न लावणारी बाई त्यांची. जमादाराला काय हे ठाऊक नाही? इतकी वर्षं इथंच काढलीत त्यानं.

बाकीची गिऱ्हाइकं?… होते ना, वरच्या मजल्यावर कारखान्यातले एक साहेब होते. बाईंबरोबर… नाही, मिसेस नव्हेत. मिसेस दिवाळीत आल्या होत्या, त्या वेगळ्या. साहेब जिन्यात भेटले तर जमादारानं सलाम ठोकला.

सोडतील, पण गुन्हा कबूल कर म्हणतात. कबूल केलास की जा पालघरला, वाजव संध्याकाळी. हा ऐकत नाही. म्हणतो, 'भागीला वाईट बाई म्हणतील, नि मी मान हलवू?' मला वाईट वाटलं साहेब, खोटं कशाला बोलू.

म्हणून म्हणतो, तुम्ही या. तुमच्या एका शब्दावर सुटेल तो. भागी इथंच पायरीवर बसलीय पोरांना घेऊन…

काय?… पुन्हा बोला, लाईन खरखरतेय… बोभाटा?… हो, मोठे पाहुणे येणार, ते खरं… दुसरा वाजवणारा? आहे की, उमरोळीचा बुधा… आणि जिवल्या?… राहू दे तिथंच?… बरं… समितीची अब्रू… नीतिमत्ता… हो हो, ऐकतोय.

अजून काय?… शनिवारी? कोपऱ्यातली खोली?… तुम्ही आणि त्या मागच्या वेळच्या बाई… हं.

नाही साहेब, नाही मिळणार… रिकामी आहे ना. अख्खा मजला रिकामा आहे… तरी नाही.

आवाज कशाला चढवता?… सांगा ना, लॉज तुमच्या मेव्हण्याचंच आहे, माझी नोकरी त्यांच्याच हातात आहे. आजच सांगा… बरं, ठेवतो आता. भागीबरोबर चौकीवर जायचंय, तिला एकटीला कशी पाठवू?