दाखल्यातली बहिरी

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक वाक्य सोडून.

नव्वदच्या दशकात लखनौच्या आमच्या ऑफिसातल्या देशपांडेनं अपंग आश्रिताची आयकर सवलत लाटायला, धडधाकट बायको बहिरी असल्याचा दाखला आणला. एकदा साहेब त्याच्या इंदिरा नगरच्या घरी चहाला आले. वहिनी ठरल्याप्रमाणे काही ऐकू न आल्यासारख्या बसल्या.

साहेब हळहळले, “बड़ी मुश्किल होती होगी, भाई.”

देशपांडे रंगात आला. “सुन भी पाती, तो इससे बात क्या करता, साहब?”

साहेब गेल्यावर त्यानं वहिनींना दोनतीनदा हाक मारली. त्यांनी मानही वळवली नाही. सवलत वर्षानुवर्षं मिळत राहिली, आणि घरात तोच एकटा बोलत राहिला.

मग एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, “अहो, चहा गार होतोय.”

मघाशी सोडलेलं वाक्य ते हेच. माझ्या पदरचं.