स्वेटरातून उरलेली लोकर

सरकारी नोकरीत आयुष्यभर पुढाऱ्यांशी भांडलो मी, पण हरलो तो एका स्वेटरपुढे!

लठ्ठपणा हृदयाला झेपत नाही म्हणून डॉक्टरांनी मला रोज सकाळी सायकलवर पिटाळलं. थंडी कडाक्याची, म्हणून बायकोने जाडजूड स्वेटर विणला. हळूहळू माझं वजन उतरलं. दुसरबीडच्या रस्त्यावर ढगळ झालेल्या स्वेटरात वारा भरायचा आणि मी फुगा होऊन मागे ढकलला जायचो.

बायकोला म्हटलं, "हा उसवून लहान कर."

"नाई करत."

"मी बारीक झालोय, दिसत नाही तुला?"

"दिसते ना! बाजारात बाया इचारतात, साह्यब बिमार हायेत का? ढिल्या स्वेटरात लपते तरी."

"अगं, मी बरा होतोय! हेच तर हवं होतं डॉक्टरांना."

"मले वाटलं, बिमारी लपवून तुमी मले खोटं सांगून राह्यले." तिने पदर डोळ्यांना लावला.

आठवड्याने स्वेटर अंगाबरोबर बसला. सोबत त्याच लोकरीची कानटोपी.

"ही कशाला?"

"तुमचं जेवढं कमी झालं, तेवढं फेकू काऊन? कानाले घाला!"