काचेवरचा मळ

माननीय अध्यक्ष मधुकरराव नरगुंदकर, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती इंदुमतीबाई, आणि मळमड्डीपासून उणकलपर्यंत मिळेल त्या वाहनानं इथवर पोचलेल्या, आमच्या छायाचित्र इतिहास मंडळाच्या बंधुभगिनींनो,

मी गणपत, हुबळीचा कापडदुकानदार आणि मंडळाचा चिटणीस. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'गौरवपर भाषण, पाच मिनिटं' असं छापलंय. गौरव करणारच आहे. पण अध्यक्षांनी घंटी वाजवली तरी आज मी मध्येच थांबणार नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

बाई उद्या सकाळी नाशिकला, लेकीकडे कायमच्या निघाल्या आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मंडळ स्वतःच्या माडीवर सुरू केलं. मळमड्डीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या सहाशे काचेच्या निगेटिव्ह प्लेटा त्यांनी रिक्षाच्या खेपा करून, मांडीवर घेऊन आणल्या. रिक्षावाल्याला सारखं 'सावकाश, अण्णा, सावकाश' म्हणत होत्या म्हणे. हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. एक गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण ती बाईंना आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अळणावरजवळच्या खेड्यातून हेमावतीअक्का मंडळात आल्या. हातात नुसता पुठ्ठा. वरचा फोटो वाळवीनं खाल्लेला. पाच वर्षांच्या अक्का आईच्या मांडीवर, असा तो फोटो होता, आणि आई त्याच साली गेली. अक्कांना आईचा चेहरा आठवत नाही. पुठ्ठ्याच्या मागं स्टुडिओचा नंबर तेवढा वाचता येत होता. बाईंनी सात महिने खोकी उपसली आणि त्या नंबराची प्लेट काढली. प्लेटवर सगळं उलटं असतं, चेहरा काळा, केस पांढरे. अक्कांनी ती उजेडात धरून पाहिली, पण आई काही ओळखू येईना. 'छापून द्या, मग बघते,' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी यायचं ठरवून गेल्या.

बाई, तुम्ही हातानं थांबा म्हणताय ते दिसतंय मला. नऊ वर्षं थांबलोच की.

आमच्या मंडळाचा पहिला नियम काय? प्लेटची चकचकीत बाजू पुसायची, निस्तेज बाजूला बोट लावायचं नाही. चित्र त्या निस्तेज बाजूवर असतं. मला मंडळात येऊन दोन महिने झाले होते आणि हौस दांडगी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आलो. म्हटलं, अक्का यायच्या आत प्लेट लख्ख करून ठेवू. जी बाजू कळकट दिसली ती ओल्या कापसानं पुसली. कापसाला काळं लागलं. मला वाटलं, मळ निघतोय. मी आणखी जोरात पुसलं.

तो मळ नव्हता. तो अक्कांच्या आईचा चेहरा होता. मांडीवरची पोर तेवढी राहिली.

बाई आल्या. त्यांनी प्लेट बघितली, मग मला बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही आतल्या खोलीत जा. आज तुमचं नाव निघालं तर तुम्ही परत इकडं फिरकणार नाही. मी कुठं जाणार आहे?" आणि मी गेलो. आत उभा राहून ऐकलं. अक्का आल्या तेव्हा बाई त्यांना कानडीत एवढंच म्हणाल्या, "नन्न कैयिंद आतु." माझ्या हातून झालं. अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आईला दुसऱ्यांदा घालवलंत, बाई."

त्यानंतर काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. बाईंचा हात थरथरतो, त्यांना प्लेटांना शिवू देऊ नका, असं सभेत ठरलं. कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आल्या? माझ्याकडे. त्या सभेत मी मान डोलावली होती. बाई नऊ वर्षं कोपऱ्यात बसून नुसती नोंदवही लिहीत राहिल्या. मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. तुमच्या नजरेतून उतरेन, ही भीती. आज ती नाही असं नाही.

हेमावतीअक्का इथं आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. मी पत्र पाठवून बोलावलं, कशासाठी ते लिहिलं नव्हतं. अक्का, बाईंच्या हातून काही झालं नाही. माझ्या हातून झालं. तुम्ही नऊ वर्षं चुकीच्या माणसावर रागावलात.

कुणी बोलू नका, कृपा करून. त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या, वाट द्या. नाही, त्या इकडेच येताहेत. संदीप, पायरी उंच आहे, त्यांना हात दे. माझ्याकडे बघत नाहीत, ते बरोबरच आहे. अक्का, बाईंच्या शेजारची ती खुर्ची माझी. तुम्ही बसा.

बाई, रडू नका. बोला त्यांच्याशी, सभा थांबेल.

अध्यक्ष महाराज, बोलू दिलंत, आभार. लहानमोठ्या चुका पोटात घाला असं म्हणून खाली बसायची रीत आहे. माझी लहान नाही, आणि ती पोटात घालायचा हक्क या सभेला नाही, या दोघींना आहे. त्यांनी घातली नाही तरी माझी तक्रार नाही. मी खाली, तिसऱ्या रांगेत जाऊन बसतो.