तेरा अंड्यांची परीक्षा

मुरबाडच्या स्टँडवर ज्ञानेश्वर शहापूरच्या एसटीची वाट बघत उभा होता. त्याच्या पाठीमागे वैशाखरे गावाला जाणाऱ्या जीपचा नवा ड्रायव्हर अनंता आणि टोपली सांभाळत उभी असलेली गिरजाकाकी बोलत होती. ज्ञानेश्वरला दुसऱ्याचं बोलणं ऐकायची खोड नव्हती, पण एसटीही येत नव्हती.

"काकी, बसा ना जीपमधी."

"होळीला बसलेली. मांडीवर तेरा अंडी होती, खुडूक कोंबडीखाली ठेवायची."

"एक तरी फुटलं का?"

"फुटलं नाय. पण एकवीस दिवसांनी पिल्लं दोनच निघाली. बाकीची हिसक्यांनी हबकली."

"कोंबडी नीट बसली नसंल."

"कोंबडी तीच. तुझ्याआधी धाऊ जीप चालवायचा, तवा आणलेली त्यातनं अकरा निघालेली. तू गिअर टाकलास का माझी मान पुढं."

"तवा क्लच झटक्यात सोडायचो, काकी. आता पाय हळूहळू उचलतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, मंगच पुढचा गिअर."

"कुणी शिकवलं?"

"धाऊदादानंच."

"मंग आज बघू. ही पण तेराच हायेत. एकवीस दिवसांनी सांगन."

"एवढी परीक्षा तर आरटीओनं पण नाय घेतली."

"आरटीओची लेक नाय तुझ्या जीपमधी बसायची. माझी रुपा बसंल, पुढल्या महिन्यात. बाळंतपणाला आणायचीय."

अनंतानं पुढची सीट फडक्यानं पुसली.

ज्ञानेश्वरनं वळून पाहिलं, तेव्हा जीप नाक्यापर्यंत गेली होती. अनंतानं गिअर बदलला. गिरजाकाकीची मान जागची हलली नाही.