जिथे वजन नसतं

...घाबरू नका हो काकू, लिफ्ट अडकली म्हणजे काही यान बुडालं नाही — आणि दुरुस्त कोण करणार म्हणता? मीच की! या अख्ख्या अवकाशयानाचा मुख्य इंजिनिअर तुमच्यासमोर उभा आहे — हसा, हसा, आमची पोरगीही अशीच हसते. इंजिनं मी चालवतो, हवा मी खेळवतो, आणि अडकतो कुठे, तर लिफ्टमध्ये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हलकं वाटतंय ना? वाटणारच. यान गरगर फिरतं म्हणून कडेच्या खोल्यांत आपल्याला वजन असतं, मधल्या धक्क्यावर ते शून्य — आपण अर्ध्या वाटेत, म्हणून वजनही अर्धं. बायको म्हणायची, तुमच्या शब्दाला तर कडेलाही वजन नाही. खरंच होतं म्हणा तिचं.

तुम्ही कुणाला आणायला निघालात? नातवाला? मजा आहे. मी पोचवायला — पोरीला. धक्क्याला ते नवं यान लागलंय ना, त्यावर नोकरी लागलीय तिला. माझ्याच हाताखाली शिकली आणि आता मलाच शिकवते — बाबा, शिव्या घालून पंप चालत नाही. चालतो हो, माझा चालतो! त्यांचं यान पुढे जाणार, आमचं खटारं मागे वळणार, परत गाठ कधी — जाऊ दे. सकाळी म्हणाली, निरोप द्यायला या, पण रडायचं नाही हं. मी कशाला रडतोय? पण काकू, धक्क्यावर वजन नाही ना — तिथे डोळ्यातलं पाणी खाली पडतच नाही, डोळ्यातच साचत जातं, गोटीएवढं होतं, सगळ्या जगाला दिसतं. इतकी यंत्रं बसवली, त्याच्यावर काही उपाय सुचला नाही बघा.

अं? माझा हात? कुठे, बटणावर? तो असाच टेकलाय — हो, थांबवायचंच बटण आहे ते. अहो, थोडाच वेळ, तेवढ्यात ते यान सुटेल, मग काय, लिफ्ट अडकली म्हणून सांगता येईल — असं बघू नका ना. पोरीची आई असती तर अस्संच बघितलं असतं तिने. बरं, बरं. काढला हात.

झाली सुरू. कडी घट्ट धरा, पाय सुटतील आता. रुमाल आहे का हो तुमच्याकडे? द्या इकडे. आणि दार उघडलं की तुम्ही व्हा पुढे, नातू वाट बघत असेल. जा ना काकू — मागे वळून बघू नका.