रावसाहेब अजून जेवताहेत

गोरक्ष : नृसिंहाला फाशी देत्यात, मावशे.

विष्णुपंत : गोरक्ष.

गोरक्ष : काय झालं, मास्तर? मी पानी मागितलं.

चांगुणा : कुनाला फाशी देत्यात?

विष्णुपंत : कोणालाही नाही. त्यानं पाणी मागितलं. माठ कोपऱ्यात आहे, गोरक्ष. पी, आणि घोट तोंडातच ठेव.

चांगुणा : मास्तर, साक्षरतेच्या वर्गात तुमी मला वाचाया शिकिवलं. बहिरं न्हाई केलं.

विष्णुपंत : भिंतीवर काय लिहिलं आहे, गोरक्ष? 'वाचनालयात बसून शेवट सांगू नये.'

गोरक्ष : मला दुसरं काय ठावंच न्हाई, मास्तर. तुमी मला शेवटच दिला.

विष्णुपंत : मग काय करणार होतो? लढाईपायी कागद नाही. मुंबईला दुसरी प्रत मागितली, तर दुकानदार कळवतो, लढाई थांबली की छापू. अख्ख्या कोल्हारात रहस्यकथेचं एकच पुस्तक, आणि ज्याच्या हाती पडेल तो सोडायला तयार नाही. म्हणून मी त्याचे तीन भाग केले. प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा, मेण लावलेला दोरा. एका वेळी तिघांची सोय. कल्पना वाईट नव्हती.

गोरक्ष : त्ये यज्ञेश्वर भटजींना इचारा.

चांगुणा : भटजींला काय झालं?

गोरक्ष : त्यांच्या वाट्याला मधला भाग आला. त्यात नुसता संशय हाय. मानसं कोन त्ये पयल्या भागात, संशय कुनावर खरा ठरला त्ये माझ्या भागात. भटजींकडं निस्ता संशय राह्यला. आता घरात आलेलं दूध आदी मांजराला पाजत्यात, मांजर जगलं का मग आपन पित्यात. मांजर असलं फुगलंय, मावशे, उंबरा वलांडत न्हाई.

विष्णुपंत : भटजींनी भाग दुसरा आज सकाळी परत केला. लांबूनच ठेवला टेबलावर. म्हणाले, 'विष्णुपंत, ह्यात कोणीच निर्दोष नाही.' ते जाऊ द्या. चांगुणाबाई, तुम्ही दिवाळीच्या आधी भाग पहिला नेलात. संक्रांत होऊन गेली. हेडमास्तरांच्या विजयमालाबाई त्यासाठी रोज निरोप पाठवतात. पिशवीत आहे ना? द्या.

चांगुणा : पिशवीत हाय. नृसिंहाला का फाशी देत्यात?

विष्णुपंत : पाणी मागितलं हो त्यानं.

गोरक्ष : त्येच तर इचाराया आलो, मावशे. तुज्याकडं सुरुवात हाय. त्या पोरानं केलं काय? माझ्या भागात पयल्या पानापासून कोर्ट. वकील म्हनतो मयत, जज्ज म्हनतो मयत. मयताचं नाव कुनी घेत न्हाई, समद्यांला आदीच ठावं. आनि फाशीच्या सकाळी त्यो पोरगा शिपायाला म्हनतो, चष्मा पुसायला एखादं फडकं हाय का. चष्मा त्याचा न्हाई, मास्तर. त्याच्या डोळ्याला चष्माच न्हाई. मी थंडगार पडलो. दोन दिस भाकर गोड लागली न्हाई. गुन्हा ठावं न्हाई आनि मी त्याच्यासाठी रडतोय.

चांगुणा : चष्मा रावसाहेबांचा.

गोरक्ष : कोन रावसाहेब?

चांगुणा : त्याचा चुलता. मोठा बंगला हाय मुंबईला. नृसिंह त्यांचे पाय चेपतो, चष्मा पुसून देतो. लई गुनाचं पोर. त्यो कशाला कुनाचं काय करील?

गोरक्ष : मग मयत कोन?

चांगुणा : माझ्याकडं कुनी मेलं न्हाई. माझ्याकडं समदे हायेत.

विष्णुपंत : हे... हे थोडं विलक्षण आहे.

गोरक्ष : काय, मास्तर?

विष्णुपंत : काही नाही. म्हणजे, एकच पोरगा. एका पुठ्ठ्यात पाय चेपतोय, दुसऱ्या पुठ्ठ्यात फाशी जातोय. आणि मधली सगळी पानं ह्या खणात. मी दोरा ओवला तेव्हा मला तो कागदच वाटला होता.

चांगुणा : गोरख्या, कोर्टात काय म्हनले? कसं मारलं?

विष्णुपंत : गोरक्ष, पाणी पी.

गोरक्ष : पोट फुटंल आता. ताटातनं इख घातलं, मावशे. रातच्या जेवनात.

चांगुणा : जेवनात.

गोरक्ष : व्हय. का गं? अशी का बसलीस?

चांगुणा : मास्तर, माझा भाग कुटं संपतो, ठावं हाय तुमाला?

विष्णुपंत : एक तृतीयांशावर. पानं मोजून समान वाटणी केली. मजकूर पाहिला नाही.

चांगुणा : ऐका. मी वाचते. गोरख्या, हसायचं न्हाई. मला सावकाश येतं.

गोरक्ष : न्हाई हसत.

चांगुणा : 'रा-व-सा-हेब पाटावर बसले. बनुबाईनं वरणभात वाढला. रावसाहेबांनी पहिला घास उचलला, तोच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, बनुबाई, तू जेवलीस का?' संपलं. म्होरं तुमचा पुठ्ठा.

गोरक्ष : बनुबाई कोन?

चांगुणा : सैपाकीन. चुलीपशी म्हातारी झाली. तिला घरात कुनी काय इचारत न्हाई, निस्तं मागत्यात. ह्यो एकच मानूस रोज इचारतो. आनि ती रोज म्हनती, जेवले. त्या दिशी काय म्हनली त्ये तुमच्या दोऱ्यापल्याड गेलं.

विष्णुपंत : म्हणजे मी बरोबर प्रश्न आणि उत्तर यांच्यामधून...

चांगुणा : रान वाटताना बांध घालत्यात, तसा तुमी घातला. बांध बनुबाईच्या तोंडावरनं गेला, मास्तर.

गोरक्ष : मावशे, तू जेवलीस का?

चांगुणा : तू पुस्तकातनं इचारतोस. त्ये धरत न्हाई मी.

गोरक्ष : न्हाई, खरंच इचारतो.

चांगुणा : लगीन करून सासरी आले त्याला माझे दात साक्षी हायेत, निम्मे पडले. मला कुनी इचारलं न्हाई. वाईट मानसं न्हाईत. सुचत न्हाई त्यांला. म्हनून ह्ये पान मी रोज वाचते. समदी निजली का. आदी अक्षर लावून वाचायची. आता आरामात येतं.

विष्णुपंत : तर मग उत्तर हवंय तुम्हाला. एवढंच ना? भाग दुसरा इथेच आहे. देतो. पहिला द्या, दुसरा न्या. नियमाला धरूनच होईल.

(विष्णुपंत खण उघडून भाग दुसरा काढतात आणि टेबलावर पालथा ठेवतात. कोणी हात लावत नाही.)

गोरक्ष : उघडा की, मास्तर.

विष्णुपंत : उघडतोय. बारीक पुस्तक आहे. त्यात काय.

गोरक्ष : मग हात का मागं घेतला?

विष्णुपंत : असं करू, चांगुणाबाई. मी फक्त पहिली ओळ वाचतो. बनुबाईचं उत्तर तेवढं ऐका. पुढचं वाचणार नाही.

चांगुणा : आनि त्याच वळीत घास तोंडात गेला तर?

विष्णुपंत : एका ओळीत एवढं बसत नाही.

गोरक्ष : माझ्याकडं एका वळीत तिघं रडत्यात.

चांगुणा : नगं, मास्तर. ऱ्हाऊ द्या.

विष्णुपंत : पण उत्तर?

चांगुणा : दिवाळीपसनं त्यो मानूस हातात घास धरून बसलाय. वरनभात गार झाला असंल. पर बनुबाई काय म्हनती त्ये ऐकल्याबिगर खात न्हाई. मास्तर, तुमी लई वाचलं. कुनी कुनाच्या उत्तरासाठी एवढं थांबल्यालं वाचलंय का?

विष्णुपंत : नाही.

चांगुणा : मग. आनि भरल्या ताटावरनं मानसाला उठवत न्हाईत. सावकार आला तरी न्हाई, फौजदार आला तरी बाहेर बसतो. तुमी एका पुठ्ठ्यासाठी उठवनार?

गोरक्ष : आनि त्यो बसलाय तवर नृसिंहबी वाचला. मयतच न्हाई तर फाशी कसली? मास्तर, माझा भाग खोटा पडतोय. मला लई बरं वाटाया लागलंय.

विष्णुपंत : पण अहो, विजयमालाबाईंना काय सांगू?

गोरक्ष : सांगा, आत मानूस जेवतंय.

विष्णुपंत : वाचनालयाला समिती आहे. असं तोंडी चालत नाही.

चांगुणा : मग लेखी देते.

विष्णुपंत : अर्ज? समिती हसेल, चांगुणाबाई. नामंजूर होईल. आणि मंजूर झाला तरी, उत्तर दुसऱ्या भागात, आणि तुम्ही म्हणणार उत्तर आल्याशिवाय दुसरा भाग उघडायचा नाही.

चांगुणा : व्हय. टाक-दौत द्या.

विष्णुपंत : कधी अर्ज लिहिलाय?

चांगुणा : न्हाई. अंगठा लई दिला. आज सही करनार. तुमी सांगा, मी लिवते. घाई करू नगा.

विष्णुपंत : घ्या. 'मेहेरबान समिती, सार्वजनिक वाचनालय, कोल्हार, यांचे सेवेशी.'

चांगुणा : सेवे... शी. म्होरं?

विष्णुपंत : 'सबब विनंती की, रावसाहेब यांचे जेवण अद्याप चालू असून बनुबाई यांचे उत्तर येणे बाकी आहे, तरी सदर उत्तर येईपर्यंत भाग पहिला अर्जदाराकडेच राहावा व भाग दुसरा कोणासही देण्यात येऊ नये, आणि तोवर वरणभात गार होणार नाही याची व्यवस्था समितीने करावी.'