अंतर निम्मं, उजेड चौपट

...नाही, टेंगळाचं सोडा हो, टेंगूळ काय, आज आहे उद्या नाही, पण तुम्हाला सांगतो, स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या हाताने टांगलेल्या दिव्यावर माणसाने रोज डोकं आपटून घ्यायचं म्हणजे काही मर्यादा? आणि आपटलं रे आपटलं की कोपऱ्यातून आवाज, 'जावईबापू, अंतर निम्मं, उजेड चौपट!' आमचे सासरे! विज्ञानाचे मास्तर होते. शाळेने त्यांना सोडलं, त्यांनी शिकवणं नाही सोडलं!

आता कारखाना म्हणजे काय, तर एक लांब खोली, एक लांब टेबल आणि हातमोजे शिवणाऱ्या बायका. काळं कातडं, काळा दोरा... दिसणार काय, कपाळ? त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी, त्यांच्या बोटात सुई आरपार गेली, बोभाटा झाला, तपासनीस साहेब आले, टेबलावर उजेड मोजायचं यंत्र ठेवलं आणि अगदी शांतपणे (शांत माणसांची मला फार भीती वाटते हो) म्हणाले, 'दीडशे. पाचशे हवेत. पुढच्या खेपेला नसतील तर कुलूप.' कुलूप! मावशींचं घर त्या सुईवर, माझं घर मावशींवर!

मी म्हटलं, मोठे दिवे आणू. सासरे म्हणतात, 'कशाला? आहेत तेच खाली घ्या!' आणि पाठकोऱ्या कागदावर गणित सुरू. दिव्याची ताकद भागिले अंतराचा वर्ग! 'म्हणजे बघा जावईबापू, अंतर निम्मं, उजेड चौपट! दीडशेचे सहाशे!' मी पाया पडायचाच बाकी होतो. तर म्हणे थांबा, कोपऱ्यात उजेड तिरका पडतो, तिरका पडला की पसरतो, पसरला की पातळ होतो... 'आणखी वीतभर खाली घ्या!' घेतले. 'आणखी चार बोटं!' घेतले! अहो, दिवे टांगले होते की दुधी भोपळे?

बायका बसल्या. दोन टाके घातले नाहीत तोच मावशी म्हणाल्या, 'मालक, दिसत नाही हो.' दिसत नाही कसं? सहाशेच्या वर आहे! 'असेल. पण दिसत नाही.' बायकोही म्हणाली, 'अहो, बाबांना एकदा इथे बसवून बघा ना.' सासरे कागद नाचवत, 'मनाचे खेळ! अंतर निम्मं...' चौपट, चौपट! कळलं!

आणि आले साहेब. बायका उठून भिंतीला लागल्या. यंत्र टेबलावर ठेवलं. साहेब चांगले उंच, दिवे त्यांच्या छातीशी, वरून आकडा दिसेना, म्हणून वाकले.

'दोनशे.'

संपलं! माझ्या डोळ्यांसमोर कुलूप... किल्लीसकट! सासरे ओरडले, 'अशक्य!' साहेब सरळ झाले. सासरे टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बाजूने बघतात, 'साडेसहाशे! बघा!' साहेब वाकले. 'दोनशे.' सरळ झाले. 'साडेसहाशे!' वाकले... 'दोनशे!' अहो, यंत्र आहे की भुताटकी?

तेव्हा भिंतीकडून मावशी म्हणाल्या, 'साहेब, तुमचं डोकं मधे येतंय. आमचंही येतं. रोज.'

सासऱ्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला... टेबल होतं, दिवा होता, अंतर होतं, तिरकेपणासुद्धा होता. टेबलाशी कुणी वाकून बसणार, हे धरलंच नव्हतं!

साहेब नियमाचे पक्के. यंत्रापासून लांब, सासऱ्यांसारखेच हनुवटी टेकवून आकडा बघितला आणि शेरा मारला, 'टेबलावर उजेड पुरेसा. मात्र टेबलाशी कुणी काम करू नये.' कुलूप टळलं! बायका आता खिडकीशी बसून शिवतात, मावशी म्हणतात छान दिसतं. आणि दिवे? दिव्यांना हात लावायचा नाही, त्या उंचीवर पास झालेत ना! टेबलावरचं काही घ्यायला वाकलो की आपटलंच, म्हणून हे टेंगूळ!

रिकाम्या टेबलाशी आता एकटे सासरे बसतात, पेपर घेऊन. काल हाक आली, 'जावईबापू...' मी म्हटलं, माहीत आहे, चौपट!

'नाही हो,' म्हणाले, 'दिवा जरा वर घेता का? दिसत नाही.'